नोकरी गेली, हें सांगावें कीं लपवावें?

आपल्याकडील जुन्या घरांतल्या ट्रंका उघडून पाहिल्या तर बहुतेक कुटुंबांत एखादें तरी असें पत्र सांपडतें कीं, ज्याच्या आधारावर आजोबांचा किंवा पणजोबांचा संसार उभा राहिला. ‘पत्र घेऊन येणारा मुलगा आमच्या मामेबहिणीचा असून मॅट्रिक झालेला आहे, आपल्या कचेरींत जागा असल्यास विचार व्हावा,’ अशा दोन ओळी आणि खालीं सही. तें पत्र खिशांत घालून मुलगा मुंबईस जावयाचा, गिरगांवांत कोणा आप्ताच्या खोलींत पथारी टाकावयाचा, आणि रोज सकाळीं वर्तमानपत्रांतील ‘पाहिजेत’चा रकाना वाचून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवावयाचा. नोकरी शोधणें म्हणजे चार दारें ठोठावणें, ही समजूत इतकी पक्की होती कीं, सारींच दारें एकदम बंद झालीं तर काय करावें, याचा विचार कोणीं केला नव्हता.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत तीं बंद झालीं. ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड-१९ ही महासाथ असल्याचें जाहीर केलें, आणि २५ मार्चपासून आपल्या देशांत एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. ती पुढें कित्येक आठवडे वाढत गेली. कचेऱ्या ओस पडल्या, प्रवासी गाड्या थांबल्या, हॉटेलें मिटलीं. मुंबईच्या ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ या संस्थेच्या अंदाजाप्रमाणें एकट्या एप्रिल महिन्यांत देशांतील सुमारें १२ कोटी २० लाख लोकांचें काम गेलें. त्यांत फेरीवाले, छोटे व्यापारी आणि रोजंदारीवरील मजूर यांचाच भरणा मोठा होता. परंतु महिन्याच्या महिन्यास पगार घेणारे, म्हणजे आपल्यासारख्या घरांतील लोकहि सुटले नाहींत. जुलैअखेर अशा १ कोटी ८९ लाख नोकऱ्या नाहींशा झाल्याचा त्याच संस्थेचा अंदाज होता. अमेरिकेंत त्या एप्रिलांत बेकारीचें प्रमाण शेंकडा १४·७ वर गेलें. १९४८ पासून तेथें ठेवल्या जाणाऱ्या मासिक नोंदींत एवढा आकडा पूर्वीं कधीं आला नव्हता.

अशा वेळीं घराबाहेर पाऊल न टाकतां लाखों लोकांनीं नोकरी शोधली, आणि त्यांतील पुष्कळांना ती मिळाली. हें कसें घडलें, त्यांत कोणतें तत्त्व होतें, कोणते धोके होते, आणि आपल्या कुटुंबांनीं त्यांतून काय शिकावें, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. हा विषय केवळ तरुणांचा आहे असें मानून वडील मंडळींनीं पान उलटूं नये, अशी विनंति आहे; कारण आमच्या घरीं चूक झाली ती तरुणांची नव्हती, आम्हां वडील मंडळींची होती.

आमच्या घरचे सात आठवडे

माझा पुतण्या पुण्यांतील एका कंपनींत होता. देशोदेशींच्या प्रवाशांसाठीं हॉटेलांतील खोल्या राखून ठेवण्याचें काम ती कंपनी करी. प्रवासच थांबल्यावर त्या कामाला काय अर्थ उरणार? मे महिन्याच्या मध्यास एके सकाळीं संगणकावर दहा मिनिटांची बैठक झाली आणि त्याचा सबंध विभाग बंद करण्यांत आला. नऊ वर्षांची नोकरी दहा मिनिटांत संपली. तो खोलींतून बाहेर आला तेव्हां वहिनी ताक करीत होत्या. त्यानें सांगितलें तें त्यांना प्रथम समजलेंच नाहीं. कारण अदल्याच महिन्यांत वरिष्ठांनीं त्याच्या कामाची वाखाणणी केली होती.

त्या रात्रीं घरांत विचारविनिमय झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील बंधु, म्हणाले, “नवी मिळाल्यावर सांगूं. तोंवर ही गोष्ट या घराबाहेर जातां कामा नये.” त्यांच्या म्हणण्याला कारण होतें. माझ्या पुतणीच्या लग्नाचें बोलणें त्या वेळीं एके ठिकाणीं बरेंच पुढें गेलेलें होतें. भावाची नोकरी सुटली हें त्या मंडळींच्या कानीं गेलें तर ते काय म्हणतील, ही अण्णांची धास्ती. वहिनींनाहि तेंच वाटलें. मीहि अण्णांच्याच बाजूनें मत दिलें, हें येथें नमूद केलें पाहिजे.

मग सात आठवडे आम्हीं एक सोंग वठविलें. पुतण्या रोज साडेनऊ वाजतां इस्तरीचा सदरा घालून संगणकापुढें बसे आणि दार लोटून घेई. समोरच्या सज्जांतून कोणीं विचारलें तर ‘घरूनच काम चालूं आहे’ असें आम्ही सांगत असूं. आंत तो नोकरीच्या संकेतस्थळांवर अर्ज भरीत असे. एकशें चाळीसांवर अर्ज त्यानें पाठविले. त्यांपैकीं तिघांचीं उत्तरें आलीं, आणि तीं तिन्ही नकाराचीं होतीं. एकेका जागेसाठीं शेंकड्यांनीं अर्ज येत असतां आपला कागद कोणाच्या दृष्टीस तरी पडतो कीं नाहीं, याचीच त्याला शंका येऊं लागली. जेवण कमी झालें, बोलणें त्याहून कमी झालें.

शेवटीं हा कोंडा फोडला तो पुतणीनें. एके रात्रीं सर्वांची पानें वाढलेलीं असतांना ती म्हणाली, “बाबा, माझ्या लग्नासाठीं दादाला तोंड लपवून बसावें लागत असेल, तर तसलें लग्न मला नको. त्यानें काय चोरी केली आहे?” अण्णा कांहीं बोलले नाहींत. परंतु दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें आपली हकीकत लिंक्डइनवर लिहिली.

हीं साधनें कोणतीं

वडील वाचकांसाठीं थोडें स्पष्टीकरण आवश्यक आहे. लिंक्डइन हें व्यवसायी लोकांचें समाजमाध्यम २००३ सालीं सुरू झालें आणि २०१६ पासून तें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मालकीचें आहे. येथें प्रत्येकानें आपलें शिक्षण, आजवर केलेलीं कामें आणि अंगचें कौशल्य यांचें एक पान ठेवावयाचें असतें. ज्यांच्याशीं कामाच्या निमित्तानें परिचय झाला त्यांच्याशीं तें पान जोडलें जातें. आपण कांहीं लिहिलें कीं तें त्या परिचितांना दिसतें. त्यांनीं त्यावर चार शब्द लिहिले कीं त्यांच्या परिचितांनाहि दिसूं लागतें. अशा रीतीनें एका माणसाचें निवेदन तासाभरांत अनोळखी गांवच्या अनोळखी कचेरींत पोंचूं शकतें.

२०२० च्या जून महिन्यांत लिंक्डइननें एक नवी सोय केली. आपल्या छायाचित्राभोंवतीं हिरवें कडें उमटवून ‘मी कामाच्या शोधांत आहे’ असें जाहीर करतां येऊं लागलें. ज्यांना सर्वांना सांगणें प्रशस्त वाटत नसेल त्यांना तें केवळ नोकरभरती करणाऱ्यांपुरतें ठेवतां येतें, अशीहि तजवीज आहे. ज्या गोष्टीबद्दल मान खालीं घालावयाची, ती गोष्ट लोक छायाचित्राभोंवतीं लावून बसले, हा या काळांतील मोठाच पालट म्हटला पाहिजे. त्यानंतर महिन्याभरांत, जुलैमध्यें, खुद्द लिंक्डइननेंच आपले सुमारें ९६० नोकर कमी केले. नोकऱ्या जुळवून देणाऱ्यांनाहि नोकरी सुटण्याचा अनुभव आला.

दुसरी उपयुक्त रीति याद्यांची. मे २०२० मध्यें एअरबीएनबी या कंपनीनें आपल्या सुमारें ७,५०० नोकरांपैकीं १,९०० जणांना निरोप दिला. परंतु त्याचबरोबर जाणाऱ्यांपैकीं ज्यांची संमति असेल त्यांची नांवें, काम आणि कौशल्य यांची सूचि सर्वांस पाहण्यासाठीं खुली केली. सॅन फ्रान्सिस्को येथील एका उद्योजकानें त्याच वर्षाच्या मार्चमध्यें ठिकठिकाणच्या नोकरकपातीची नोंद ठेवणारें एक संकेतस्थळ सुरू केलें होतें. तेथेंहि अशा याद्या जमा होऊं लागल्या. आपल्याकडे त्याच मे महिन्यांत स्विगीनें सुमारें १,१००, तर ओलानें १,४०० नोकर कमी केले. अशा प्रसंगीं मागें राहिलेले सहकारी समाजमाध्यमांवर, ‘अमुक गृहस्थांबरोबर मीं चार वर्षें काम केलें आहे, त्यांना अवश्य घ्या,’ असें लिहूं लागले. आजोबांच्या ट्रंकेंतील शिफारसपत्राचाच हा नवा अवतार होय. फरक एवढाच कीं, तें पत्र एका साहेबाच्या नांवें असे, आणि हें सर्वांच्या नांवें असतें.

तिसरें साधन व्हॉट्सॲपवरील गटांचें. शाळेच्या तुकडीचा गट, वसतिगृहाचा गट, सोसायटीचा गट, असे गट आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्यें असतात. एरवीं सुप्रभाताच्या फुलांनीं भरून वाहणाऱ्या या गटांत त्या दिवसांत ‘आमच्याकडे हिशेबनीस पाहिजे’, ‘माझी बहीण गणित शिकविते, घरून शिकवण्या घेईल’ असे निरोप फिरूं लागले. ट्विटरवर (२०२३ पासून ज्याला एक्स म्हणतात) शब्दामागें एक खूण लावून लिहिलें कीं त्या विषयाचे सर्व निरोप एकत्र वाचतां येतात. तिचाहि उपयोग पुष्कळांनीं केला.

जवळच्यांपेक्षां लांबचे

पुतण्याच्या लिखाणाचें काय झालें तें आतां सांगतों. दोन दिवसांत त्याला सत्तरएक निरोप आले. त्यांत सहानुभूतीचे पुष्कळ, कामाचे थोडे. आमचे नातेवाईक हळहळले. त्याच्या जिवलग मित्रांनीं रोज फोन केला. परंतु नोकरीचा धागा मिळाला तो भलत्याच ठिकाणाहून. त्याच्या पहिल्या नोकरींत, अकरा वर्षांपूर्वीं, एका बाईंनीं त्याला सहा आठवडे शिकविलें होतें. त्यानंतर दोघांत एका अक्षराचाहि व्यवहार नव्हता. त्या बाई आतां बंगळूरास रुग्णालयांना सामान पुरविणाऱ्या एका कंपनींत होत्या. ‘खोल्या वेळेवर राखून ठेवणारा माणूस औषधें वेळेवर पोंचविण्याचें कामहि करूं शकेल,’ असें त्यांनीं आपल्या वरिष्ठांना सांगितलें. तीन मुलाखती झाल्या, तिन्ही संगणकावरूनच, आणि ऑगस्टच्या आरंभीं तो रुजू झाला. पगार पूर्वींच्या पांचांत चार हिस्से होता. त्या वेळीं तेवढाहि पुष्कळ वाटला.

मला हा निव्वळ योगायोग वाटला होता. परंतु समाजशास्त्रज्ञांना ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वींच ठाऊक होती. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकानें १९७३ सालीं ‘दुबळ्या धाग्यांचें बळ’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळील न्यूटन या गांवांतील, नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ सुशिक्षित पुरुषांची त्यानें पाहणी केली होती. त्यांतील शेंकडा ५६ जणांना नोकरी ओळखीनें मिळाली होती. मात्र ती ओळख कोणाची? ओळखीनें नोकरी मिळालेल्यांपैकीं ज्यांची त्या ओळखीच्या माणसाशीं वारंवार भेट होत असे असे केवळ शेंकडा १७ होते. अधूनमधून भेट होत असे असे सुमारें ५६, आणि क्वचितच भेट होत असे असे सुमारें २८.

याचें कारण विचारांतीं अगदीं सोपें आहे. जे आपल्या अगदीं जवळचे असतात ते आपल्याच वर्तुळांत वावरतात. आपल्याला जें ठाऊक तेंच त्यांना ठाऊक असतें. माझ्या बंधूंना, मेहुण्यांना आणि साडूंना ज्या जागांची वार्ता होती ती मलाहि होतीच. नवी वार्ता येते ती दुसऱ्या वर्तुळांत वावरणाऱ्या माणसाकडून, आणि तसा माणूस आपल्याशीं एखाद्या दुबळ्या धाग्यानेंच जोडलेला असतो. २०२२ च्या सप्टेंबरांत ‘सायन्स’ या नियतकालिकांत लिंक्डइनवरील एका प्रचंड प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. पांच वर्षांत जगभरच्या २ कोटींवर लोकांच्या ओळखींचा आणि सुमारें ६ लाख नव्या नोकऱ्यांचा त्यांत विचार होता. निष्कर्ष ग्रॅनोव्हेटरला पुष्टि देणारा निघाला. त्यांत एक दुरुस्ती मात्र झाली. अगदींच अनोळखी माणसापेक्षां, ज्याच्याशीं आपले कांहीं समाईक परिचित आहेत असा मध्यम अंतरावरचा माणूस नोकरीच्या कामीं सर्वांत उपयोगी पडतो, असें दिसून आलें.

आतां आमच्या चुकीचें स्वरूप वाचकांच्या लक्षांत येईल. ‘घराबाहेर जातां कामा नये’ असें ठरवून आम्हीं ती वार्ता नेमकी जवळच्या माणसांतच कोंडून ठेवली. जे सहानुभूतीवांचून कांहीं देऊं शकत नव्हते त्यांना ती ठाऊक होती, आणि जे नोकरी देऊं शकत होते त्यांच्यापासून ती लपविलेली होती. अब्रू राखण्याच्या नादांत आम्हीं मुलाचे सात आठवडे घालविले.

काय लिहावें, कसें लिहावें

सांगावयाचें ठरलें तरी कसें सांगावें, हा प्रश्न राहतोच. पुतण्यानें पहिला मसुदा असा केला होता: ‘माझी नोकरी गेली आहे. मला कामाची अत्यंत आवश्यकता आहे. कोणतेंहि काम चालेल. कृपया मदत करा.’ पुतणीनें तो वाचून बाजूला ठेवला. तिचें म्हणणें, ‘कोणतेंहि काम’ असें म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या मनांत कोणतेंच काम येत नाहीं. मग दोघांनीं मिळून दुसरा मसुदा लिहिला. त्यांत तीन गोष्टी होत्या. काय घडलें, तें एका वाक्यांत आणि कोणासहि दोष न देतां. आपण आजवर काय केलें, तें आंकड्यांसह, म्हणजे किती माणसांचा गट संभाळला, रोज किती नोंदी पार पाडल्या इत्यादि. आणि आपल्याला काय हवें आहे, तें नेमक्या शब्दांत: ‘माल किंवा सेवा वेळेवर पोंचविण्याचें नियोजन करणारी जागा, पुणें, अथवा घरून.’ शेवटीं मागणी लहान ठेविली होती: ‘अशा जागेची माहिती असल्यास कळवावें.’ नोकरी देणें फार थोड्यांच्या हातीं असतें. कळविणें सर्वांच्या हातीं असतें.

अनुभवानें पटलेल्या आणखी कांहीं गोष्टी येथेंच नोंदवितों. ज्या कंपनींत जाण्याची इच्छा आहे, तेथील एखाद्या परिचिताच्या परिचिताला स्वतंत्र पत्र लिहिणें हें शंभर ठिकाणीं एकच अर्ज पाठविण्याहून श्रेयस्कर. त्या पत्रांत नोकरी मागूं नये. तेथील कामाविषयीं पंधरा मिनिटें बोलण्याची विनंति करावी. सोडून आलेल्या कंपनीविषयीं कडवट लिहूं नये. रागानें लिहिलेल्या ओळी राग गेल्यावरहि तेथेंच राहतात. आणि नोकरी लागल्यावर ज्यांनीं ज्यांनीं विचारपूस केली त्या सर्वांना एक ओळ अवश्य लिहावी. आमच्या पुतण्यानें तशा सत्तर ओळी लिहिल्या. पुढें त्याच सत्तरांतील दोघांना त्याला स्वतःला मदत करतां आली.

परदेशांतील मुलें

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्या घरांतील काळजी आणखी निराळी होती. अमेरिकेंत एच-१बी या परवान्यावर काम करणाऱ्याची नोकरी सुटली तर त्याला बहुधा फार तर साठ दिवस मिळतात. तेवढ्यांत नवा मालक मिळाला नाहीं, किंवा तेथें राहण्याची दुसरी कांहीं कायदेशीर सोय झाली नाहीं, तर बायकामुलांसह देश सोडावा लागतो. विमानेंच बंद असलेल्या त्या वसंतांत हे साठ दिवस कसे मोजले गेले असतील, याची कल्पना ज्यांच्या घरीं रात्रींअपरात्रीं तेथून फोन येत त्यांनाच. अशा कित्येकांनीं लिंक्डइनवर आपले उरलेले दिवस लिहून हांक घातली. त्यांना लाज बाळगण्याइतका अवकाशच नव्हता.

आखाती देशांतून परतणाऱ्यांची कथा वेगळी. ७ मेपासून ‘वंदे भारत’ मोहिमेखालीं विमानें त्यांना आणूं लागलीं. त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचेहि पुष्कळ होते. परतणाऱ्यांनीं आपलें कौशल्य नोंदवावें म्हणून केंद्र सरकारनें जूनमध्यें ‘स्वदेस’ नांवाची योजना काढली, आणि महाराष्ट्र सरकारनें ६ जुलै रोजीं ‘महाजॉब्स’ हें संकेतस्थळ सुरू केलें. सरकारी नोंदवहीची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतून परतणाऱ्या सैनिकांसाठीं १९४५ सालीं जें खातें निघालें, त्यांतूनच पुढें सर्वांसाठीं सेवायोजन कचेऱ्या झाल्या. नोंदवहींत नांव असावें, हें योग्यच. परंतु नोंदवही आपल्यासाठीं शब्द टाकीत नाहीं. तो माणसानेंच टाकावा लागतो.

सावध राहण्याच्या जागा

जेथें गरजू लोक जमतात तेथें लबाडहि जमतात. नोंदणीचें शुल्क, प्रशिक्षणाचा खर्च, संगणक पाठविण्यासाठीं अनामत अशा निरनिराळ्या नांवांखालीं नोकरी देणाराच पैसे मागूं लागला, कीं तेथें नोकरी नाहीं असें निश्चित समजावें. प्रसिद्ध कंपनीचें बोधचिन्ह छापलेलें नेमणूकपत्र घरबसल्या कोणालाहि तयार करतां येतें. म्हणून तें पत्र कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आलें आहे कीं कोणा खासगी पत्त्यावरून, हें पाहावें आणि कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळावें. अलीकडे टेलिग्रामवर ‘चित्रफीत पाहा आणि पैसे मिळवा’ असें सांगून प्रथम शंभर-दीडशें रुपये खरोखर देतात. मग मोठी रक्कम भरावयास लावून ती बुडवितात. बँकेचा सांकेतिक क्रमांक कोणासहि सांगूं नये. फसवणूक झालीच तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर होईल तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. येथेंहि गुप्तता फसविणाऱ्याच्याच उपयोगी पडते.

ज्यांना हिरवें कडें नव्हतें

हें सर्व लिहितांना एक गोष्ट मनाला टोंचत राहते. दुबळे धागे उपयोगी पडतात खरे. परंतु ते आपल्याला मिळाले कोठून? चांगली शाळा, वसतिगृह, कचेरी, परदेशीं गेलेले वर्गबंधु, हें सर्व आपल्या घरांना दोन-तीन पिढ्यांच्या शिक्षणानें जवळजवळ वारसाहक्कानें मिळालेलें आहे. ज्याचे सर्वच परिचित एकाच वेळीं बेकार झाले, त्यानें कोणास हांक मारावी? एप्रिलमध्यें काम गेलेल्या बारा कोटींत असेच लोक अधिक होते, आणि त्यांच्यासाठीं लिंक्डइनवर पान नव्हतें.

आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या मावशींचीं पांच घरें होतीं. सोसायट्यांनीं बाहेरच्यांस प्रवेश बंद केल्यावर पांचांपैकीं दोन घरांनीं पगार चालूं ठेवला, तिघांनीं बंद केला. मावशींच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप होतें. पण त्यावरचे गट त्यांच्याच वस्तींतले, आणि त्या वस्तींतील सर्वांचीच चूल थंडावलेली. त्यांना काम देऊं शकणारे लोक आमच्या सोसायटीच्या गटांत होते, जेथें मावशींना प्रवेश नव्हता. सप्टेंबरांत निर्बंध सैल होतांच वहिनींनीं त्या गटांत लिहिलें: ‘आमच्या मावशी घरून पोळ्या करून देतील. आम्ही सात वर्षें त्यांच्या हातचें जेवत आहों.’ दोनच वाक्यें. आठवड्याभरांत अकरा घरांची मागणी आली, आणि दिवाळींत चकल्या-करंज्यांचीहि. आजहि मावशींचा तो उद्योग चालूं आहे. सांगण्यासारखें एवढेंच कीं, हीं दोन वाक्यें लिहिण्यास वहिनींना कांहींच खर्च आला नाहीं, आणि आम्हीं तीं मे महिन्यांतच, एखाद्या दुसऱ्या कामासाठीं, लिहूं शकलों असतों. तें आम्हांला सुचलें नाहीं. कारण आम्ही त्या वेळीं आमचीच लाज झांकण्यांत गुंतलों होतों.

पुतणीच्या त्या स्थळाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. पुतण्यानें लिहिल्यानंतर त्या मंडळींकडून कांहीं कळलें नाहीं. कारण तेंच होतें कीं दुसरें, हें आम्हांला आजतागायत ठाऊक नाहीं, आणि आम्हीं विचारलेंहि नाहीं. अण्णांना त्याचें दुःख झालें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पुतणीचें लग्न दोन वर्षांनीं दुसऱ्या घरीं झालें. पहिल्या भेटींतच तिनें त्या घरच्यांना भावाची सर्व हकीकत आपण होऊन सांगितली. तिच्या सासऱ्यांनीं ती ऐकून घेतली आणि आपल्या धाकट्या मुलाची नोकरी नुकतीच गेल्याचें सांगून, ‘तुमच्या भावाला त्याच्याशीं बोलावयास सांगाल का?’ असें विचारलें.

साथीचे ते दिवस गेले. नोकऱ्या मात्र अजूनहि जातात. दर सहामाहीस कोणत्या ना कोणत्या मोठ्या कंपनींतील कपातीची बातमी येतेच. तेव्हां ज्या घरांत आज हा प्रसंग असेल, त्या घरांतील वडील मंडळींना माझें सांगणें आहे कीं, मुलाला खोलीचें दार लोटून बसावयास लावूं नका. आणि ज्यांच्या घरीं हा प्रसंग नाहीं, त्यांनीं आज आपल्या मोबाईलमधील जुन्या नांवांची यादी एकदां पाहावी. त्यांत असा कोणी तरी असेलच, कीं ज्याला आपण दहा वर्षांत एकदांहि विचारलेलें नाहीं. त्याला ‘कसें काय चाललें आहे?’ एवढेंच विचारावें. उत्तर आलें, तर पुढचें आपोआप सुचेल.